ब्रेकच्या पायाची पट्टी

त्यांना सगळे चौकशीबाई म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत कोणाची नव्हती, पण बाईंच्या पाठीलाही कान होते, त्यामुळे नाव पडलं त्याच आठवड्यात ते त्यांच्यापर्यंत पोचलं. रागावल्या का? छे! म्हणाल्या, "मग काय वाईट आहे? चौकशी केली नाही तर मला सांगणार कोण? भिंती?"

बाई म्हणजे घरोघरी जाणारी नर्स. दवाखान्यातून घरी सोडलेल्या माणसाच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, सुया टोचायच्या, नळ्या सांभाळायच्या, आणि वर घरच्यांची भांडणं ऐकायची. तरुणपणी बरीच वर्षं मोठ्या दवाखान्यात वॉर्डात काढलेली. तिथे काही अडलं की मान वळवायची आणि विचारायचं, शेजारी कोणी ना कोणी असेच. पुढे सासूबाईंनी अंथरूण धरलं, रात्रपाळ्या जमेनात, तेव्हा त्या घरपोच कामाच्या कंपनीत आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की इथे मान वळवली तर दिसतो तो दुसऱ्याच्या घरातला फ्रिज.

मग त्यांनी स्वतःची पद्धत बसवली. घरात शिरलं की चपला काढता काढता नाकाने हवा ओढायची. अर्धं घर नाकालाच कळतं. दुसरा मान कचऱ्याच्या डब्याचा. "हात धुवायला जरा आत जाते हं," असं म्हणून बाई स्वयंपाकघरात जात आणि डब्याचं झाकण उचलत. माणूस खोटं बोलतो, डबा बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. गोड बंद केलेल्या आजोबांच्या डब्यात बिस्किटांची वेष्टनं सापडत, आणि गोळ्या "अगदी वेळच्या वेळी" घेणाऱ्या मावशींच्या डब्यात आख्ख्या गोळ्या. तिसरा मान शेजारणीचा. शेजारीण म्हणजे फुकटचं वर्तमानपत्र. बातमी शिळी नाही, आणि जाहिराती सोडून सगळं खरं. बाई जिन्यात तिच्यापाशी जितका वेळ थांबत, तितका कधी कधी पेशंटपाशीही थांबत नसत.

नणंद चिडवायची, "वहिनी, तुला नर्स कोणी केलं? तू पोलिसात जायचीस."

"पोलिसांना लोक घाबरून खरं सांगतात," बाई म्हणायच्या. "मला घाबरून खोटं सांगतात. माझं काम जास्त अवघड."

हे वाक्य त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं होतं बरं का. त्याचा अर्थ त्यांना बराच उशिरा कळला. कसा कळला, तीच ही गोष्ट.

तर एका जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर एक आजी-आजोबा राहत. आजोबांनी जन्मभर बस चालवली होती. आजींनी जन्मभर शिवणकाम केलं होतं. खिडकीशी पायाचं मशीन, भिंतीवर कात्र्या आकारमानाप्रमाणे टांगलेल्या, आणि कोपऱ्यात अजून गिऱ्हाइकांची दोन-चार गाठोडी. आजोबांना साखर. उजव्या पायाला करंगळीच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूला, नवी चप्पल लागली. आधी फोड, मग खड्डा, मग दवाखाना. तिथे बरेच दिवस ठेवून त्यांना घरी सोडलं आणि बाईंच्या हातात एक कागद आला. त्यावर आजोबांचं वय, वजन, गोळ्यांची नावं हे सगळं छापलेलं, आणि खाली जखमेसमोर एकच ओळ: "ड्रेसिंग सांगितल्याप्रमाणे."

बाईंनी कागद उलटा केला, सुलटा केला.

"सांगितल्याप्रमाणे! अहो, पण सांगितलं कोणी? कोणाला? मला तर कोणी काही सांगितलं नाही. आजोबा, तुम्हाला सांगितलं?"

"मला 'पाय वर ठेवा' म्हणाले," आजोबा म्हणाले. "मी म्हटलं, हा ब्रेकचा पाय आहे. वर ठेवला तर गाडी थांबणार कशी?"

आजी हसल्या नाहीत. त्या बाईंच्या तोंडाकडे पाहत होत्या. माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक कडक आहे की मऊ, हे त्या असंच पाहत.

बाईंनी कंपनीच्या ऑफिसला फोन लावला. तिथे एक समन्वयक होते. समन्वय म्हणजे या टोकाचं त्या टोकाला कळवणं. निदान शब्दाचा अर्थ तरी तसाच. दवाखान्याला काही विचारायचं असेल तर ते या साहेबांमार्फतच विचारायचं, नर्सने परस्पर फोन करायचा नाही, असा नियम. साहेब स्वभावाने गरीब, आवाज मधाळ. काहीही सांगा, उत्तर एकच: "हो हो, पुढे पाठवतो." कुठे पुढे, किती पुढे, हे कोणी पाहिलेलं नव्हतं. नर्सांनी त्यांचं नावच पुढेपाठव ठेवलं होतं.

"पुढे पाठवतो," पुढेपाठव म्हणाले. "आणि बाई, तुमची नोंद त्या फोनमधल्या ॲपवर टाकत जा."

त्या ॲपमध्ये दोनच चौकोन होते. ड्रेसिंग केलं. ड्रेसिंग केलं नाही. तिसरा चौकोन, "ड्रेसिंग कोणतं करायचं हे मला कोणी सांगेल का," असा नव्हता. खाली शेरा लिहायला जागा होती, पण बाईंचा शेरा नेहमी दुसऱ्या वाक्याच्या मध्येच कापला जाई. त्यांच्या आयुष्यात त्यांना इतकं मध्येच कोणी तोडलं नव्हतं. नवऱ्यानेसुद्धा नाही.

उत्तर आलं नाही. जखम तर उत्तरासाठी थांबत नाही. मग बाईंनी आपल्या अनुभवाने ठरवलं: रोज खारं पाणी घालून धुवायचं, कोरडं गॉज, वर सुती पट्टी, आणि घोट्यावर गाठ. सोमवारी आजी-आजोबा दवाखान्यात तपासायला जात आणि रविवारी बाईंना सुट्टी, म्हणून मंगळवार ते शनिवार बाईंचा हात.

पहिल्या मंगळवारी त्या आल्या तर पायावर वेगळंच काहीतरी. औषध लावलेली चिकट जाळी, वर जाड पट्टी, कडेने तपकिरी टेप. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"हे काय चिकटवलंय? रोज धुवायची जखम अशी बंद करून ठेवतात? आजी, ऐका. पायाचं मी बघते. मी सांगेन तसंच ठेवायचं. पुन्हा असं काही दिसलं तर मी यायचीच नाही!"

आजींनी मान हलवली. "बरं बाई."

बाईंनी टेप खसकन ओढली, जाळी डब्यात टाकली, आपली पट्टी बांधली. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं. पुढल्या मंगळवारी पाहतात तर पायावर त्यांचीच शनिवारची पट्टी. तीच गाठ. त्यावर शनिवारी सांडलेला औषधाचा पिवळा डागसुद्धा तोच.

"सोमवारी दवाखान्यात काय केलं, आजोबा?"

आजोबांनी आजींकडे पाहिलं. आजींनी सुईत दोरा ओवला. "पाहिलं," आजोबा म्हणाले.

बाई आत गेल्या, डब्याचं झाकण उचललं. जाळी नाही, टेप नाही. म्हणजे उघड होतं! दवाखान्यातली माणसं पट्टी उघडतच नव्हती. दोघा म्हाताऱ्यांना अख्खी सकाळ बाकावर बसवून, वरूनच पाहून घरी पाठवत होती. बाईंचा संताप अनावर झाला. त्यांनी त्या दिवशी ॲपवर शेरा लिहिला, तो कापला गेला. फोन केला, तो पुढे पाठवला गेला. जिन्यात शेजारणीला त्यांनी दवाखान्याबद्दल असं काही ऐकवलं, की ती बिचारी आपला दुखरा गुडघा घेऊन दुसऱ्याच दवाखान्यात जायला लागली.

जखम मात्र बरी होईना. आठवडाभर जरा लाल व्हायची, तोंड आवळायची, आणि सोमवार गेला की पुन्हा ओलावायची. कडा पांढऱ्या, वासही येऊ लागलेला. साखर पाहिली, ठीक. चप्पल बदलली. चालणं बंद केलं. बाई रोज विचारत, "आजी, मी सांगते तसंच ठेवता ना?" आणि आजी रोज सांगत, "अगदी तसंच, बाई."

मग एका गुरुवारी आजोबांनीच बातमी दिली, पगारवाढ नाकारल्याची द्यावी तशी.

"मोठे डॉक्टर म्हणाले, फार वाट पाहिली. येत्या सोमवारी ठरवू. अर्धं पाऊल काढावं लागेल."

आजी मशीनवर बसल्या होत्या. मशीन थांबलं.

"ब्रेक काढून टाकणार म्हणतात," आजोबा म्हणाले. "या वयात घाटात गाडी कशी उतरवू हो?" आणि हसायला गेले, ते त्यांना जमलं नाही.

बाईंनी पाय मांडीवर घेतला, पट्टी सोडली, पाणी घातलं. आणि उजेडात घोट्याच्या वर त्यांना एक रेघ दिसली. मळकट, चिकट. बोट फिरवलं तर डिंकासारखं लागलं. टेपची रेघ. बाई तर टेप लावतच नव्हत्या.

"आजी, हे काय?"

"कापडाची पट्टी चिकटली असेल मशीनवरची," आजी म्हणाल्या, जरा घाईनेच.

चौकशीबाईंच्या डोक्यात किडा वळवळला. टेप कोणी लावली, तर दवाखान्याने. म्हणजे ते पट्टी उघडतात. उघडतात तर मग मंगळवारी पायावर माझीच पट्टी कशी? आणि जाळी डब्यात का नाही? इतक्या वर्षांत डबा त्यांच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलला होता.

खाली उतरून त्यांनी फोन लावला. "साहेब, माणसाचा पाय जातोय. दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या सिस्टरशी मला बोलायचंय. आज. आत्ता."

"बाई, तुमची कळकळ समजते. पुढे पाठवतो."

"पाय कापून झाल्यावर पुढे कशाने जायचं, तेही विचारा!" बाई ओरडल्या. रस्त्यावरचा एक भाजीवाला दचकून बाजूला झाला.

सोमवारी त्यांनी रजा टाकली आणि आजी-आजोबांसोबत रिक्षात बसल्या. दवाखान्याच्या दारावर विचारलं, "पेशंटच्या कोण?" बाई म्हणाल्या, "सून." आजोबांना मुलगाच नव्हता, पण ते पटकन म्हणाले, "थोरली." आजींचा चेहरा मात्र उतरलेला. "तुम्ही कशाला बाई, उगीच त्रास, आम्ही रोजचेच आहोत," हे त्या रिक्षात सारख्या म्हणत होत्या.

ड्रेसिंगच्या खोलीत एक सिस्टर होत्या. ठेंगण्या, गोल चष्मा, आवाज असा की बाहेरची रांग आपोआप सरळ व्हावी. त्यांनी आजोबांचा पाय टेबलावर घेतला आणि आजींनी वरून गुंडाळलेलं फडकं सोडलं. आणि बाईंचे डोळे विस्फारले. पायावर जाळी होती. जाड पट्टी होती. कडेने तपकिरी टेप, कोपरे सरळ रेषेत कापलेले. शनिवारी बाईंनी बांधलेल्या पट्टीचा मागमूस नाही.

"हे कोणी बांधलं?" बाईंच्या तोंडून निघालं.

"मी! गेल्या सोमवारी," चष्मेवाल्या सिस्टर म्हणाल्या. "आठवडाभर हात लावायचा नाही अशी ही जाळी असते. तुम्ही कोण?"

"मी सून. म्हणजे नर्स. घरी येणारी."

"अस्सं!" सिस्टरांनी चष्मा वर ढकलला. "म्हणजे आहात तर तुम्ही! मला वाटलं होतं हल्ली घरी कोणी येतच नाही. जखमेची दशा पाहिलीत? लाज नाही वाटत? मी तीनदा लेखी विचारलंय, घरी कोणी जातं का, म्हणून!"

"मी? मी रोज धुते! तुम्हीच मेले पट्टी उघडत नाही!"

"धुता? या जाळीवर पाणी घालता? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तेच तर विचारतेय मी इतके दिवस, की कोणी सांगितलं! तुमच्या कागदावर लिहिलंय, सांगितल्याप्रमाणे!"

"ते मी नाही लिहीत, ते आपोआप छापून येतं!"

दोघी टेबलाच्या दोन बाजूंना, मध्ये पाय. आजोबा एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होते. "सिग्नल तरी पडू दे," ते पुटपुटले.

आणि तेव्हा कोपऱ्यातून बारीक आवाज आला. "भांडू नका. मी बांधलंय."

आजी उठून उभ्या होत्या. हातातल्या पिशवीतून त्यांनी एक प्लास्टिकची थैली काढली. तिच्यात घडी घातलेली सुती पट्टी, पिवळ्या डागासकट.

"ही यांची," त्या बाईंकडे बोट करून म्हणाल्या. "आणि पायावर आहे ती तुमची. सोमवारी सकाळी यांची सोडते, तुमची लावते. मंगळवारी या यायच्या आत तुमची काढते, यांची लावते. गिऱ्हाइकांचे कपडे कधी मिसळले नाहीत मी. दोन थैल्या वेगळ्या ठेवते. उन्हात वाळवते. वरून इस्त्री पण फिरवते."

"इस्त्री!" सिस्टर मटकन स्टुलावर बसल्या. "तरी मी म्हणत होते, आठवडाभर वापरलेली पट्टी इतकी कोरी राहते कशी..."

"पहिल्यांदा यांची पट्टी पायावर पाहून तुम्ही केवढ्या ओरडलात," आजी सिस्टरांना म्हणाल्या. "म्हणालात, पुन्हा दुसऱ्याचं काही दिसलं तर बघणार नाही. या पण तेच म्हणाल्या, यायचीच नाही. मग माझ्या माणसाला कोणी बघायचं? दोघींपैकी एकीला सोडायचं माझ्याच्याने कसं होणार? मी दोघींचं ऐकलं."

बाई पुढे सरसावल्या. "अहो आजी, पण मी रोज विचारत होते की."

"तुम्ही विचारत होता, 'मी सांगते तसंच ठेवता ना.' त्याला 'नाही' म्हणायची सोय होती का, बाई? दुसरं कोण काय सांगतं, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

नाकाने घर ओळखणाऱ्या, डब्याची झाकणं उचलणाऱ्या, शेजारणींना पिळून काढणाऱ्या चौकशीबाईंनी अख्ख्या जगाची चौकशी केली होती. ज्या बाईच्या हातात तो पाय दिवसरात्र होता, तिला मात्र त्यांनी फक्त दटावलं होतं. बाई खाली पाहू लागल्या. चष्मेवाल्या सिस्टरही चष्मा पुसू लागल्या, आणि बराच वेळ पुसत राहिल्या. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी त्या पायाची गत झाली होती. दोन सासवा, दोघी तावातावाने आपापलं खरं करणाऱ्या, दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही, आणि मध्ये ही सत्तर ओलांडलेली सून, जुनी जाळी वाळवून पुन्हा पुन्हा जखमेवर ठेवणारी.

मोठे डॉक्टर आले. त्यांनी सगळं ऐकलं, आणि कोणावर ओरडले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. थैली हातात घेऊन ते इतकंच म्हणाले, "म्हणजे या जखमेवर आपण अजून एकही उपचार धड केलेला नाही." मग त्यांनी पाय पुन्हा नीट तपासला. "करंगळी वाचणार नाही. पाऊल आज काढत नाही. एकच हात, एकच पट्टी लावून बघू."

"करंगळी ना?" आजोबा म्हणाले. "घ्या. ब्रेकला ती लागत नाही."

आता खरी चीड यायची ती पुढच्या भागाची. दुसऱ्या दिवशी बाई ऑफिसात गेल्या आणि पुढेपाठवांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. तुम्ही दवाखान्याचे निरोप दाखवा, म्हणाल्या. साहेबांनी मधाळपणे पडदा त्यांच्याकडे वळवला. आणि तिथे, एकाच पेशंटच्या नावाखाली, एकाखाली एक पडले होते सगळे निरोप. बाईंचा: दवाखान्यात पट्टी उघडत नाहीत. सिस्टरांचा: घरी पायाकडे कोणी पाहत नाही, कोणी जातं का? बाईंचा. सिस्टरांचा. पुन्हा बाईंचा. शेजारी शेजारी, गुण्यागोविंदाने. शाळेतल्या पोरानेही दोन ओळी लागोपाठ वाचल्या असत्या तर विचारलं असतं, अरे, मग हा पाय आहे तरी कोणाकडे?

"हे तुम्ही वाचलं नाहीत?"

"वाचणं माझ्याकडे नाही ना, बाई," साहेब म्हणाले. "माझ्याकडे पाठवणं आहे. हे सगळं मी वर पाठवलंय."

"वर कोण आहे?"

साहेबांनी वर पाहिलं. छताला पंखा होता.

एका म्हाताऱ्याच्या शरीराचा तुकडा गेला, आणि त्या इमारतीत एका माणसाचा चहा थंड झाला नाही! उलट आठवड्याच्या आत पत्र आलं ते बाईंनाच: नियम मोडून परस्पर दवाखान्याशी संपर्क केला, खोटं नातं सांगितलं, खुलासा द्यावा. नणंद म्हणाली, "माफी माग आणि मोकळी हो." बाईंनी खुलासा दिला. त्यात एकच ओळ होती: "केलं ते सांगितल्याप्रमाणे." कोणी सांगितलं, हे त्यांनी लिहिलं नाही. शोधू देत.

करंगळीची जखम भरली. मागोमाग तळव्याचा खड्डाही भरत आला. बाईंनी त्या घरात आता प्रश्न बदलला होता. केलं का, ठेवलं का, हे बंद. "आजी, काल काय काय झालं ते सांगा," म्हणायच्या आणि स्टूल ओढून बसायच्या. आजी मग सविस्तर सांगत, कधी कधी इतकं सविस्तर, की बाईंना शेजारणीची गरज उरली नाही. शेजारीण रुसली.

आणि दोन नर्सांच्या संपर्काचं काय? नियम तर तसाच होता, परस्पर फोन नाही. पण पायावर लिहू नये, असा नियम कोणी केलेला नव्हता. पहिल्या सोमवारी आजोबा घरी आले तर पट्टीवर जाड शाईच्या पेनने ठसठशीत अक्षर: "नवी जाळी. येत्या सोमवारपर्यंत उघडू नये. इस्त्री करू नये." बाईंनी शनिवारी खाली लिहिलं: "उघडली नाही. वास नाही. सूज कमी." पुढल्या सोमवारी नव्या पट्टीवर उत्तर: "पाहिलं. छान. तुमचं अक्षर भयंकर आहे." त्याखाली बाईंचं: "चष्मा पुसा."

आजोबा येणाऱ्याजाणाऱ्याला पाय दाखवत. म्हणत, "पूर्वी बसवर जाहिराती असायच्या, आता चालकावर."

ही गोष्टही ऑफिसपर्यंत पोचलीच. पुढेपाठवांचा फोन आला. आवाज तोच, मधात बुडवलेला.

"बाई, पट्टीवर मजकूर लिहिणं योग्य नाही. निरोप ॲपवरूनच जायला हवेत. हे बंद करा, आणि त्या दवाखान्याच्या सिस्टरांनाही कळवा."

बाई तेव्हा आजोबांच्या पायाशी बसल्या होत्या. त्यांनी फोन खांद्याशी दाबला, पेनाचं टोपण दातांनी काढलं.

"हो हो, साहेब," त्या म्हणाल्या. "पुढे पाठवते."

आणि त्यांनी ते पट्टीवर लिहून टाकलं.